खांबावरचं फाटकं रबर

त्याला सगळे करवत म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. करवत जाताना कापते आणि येतानाही कापते, तसंच याचं बोलणं. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की "इतके दिवस झोपला होतात का?" आणि गाडी घेऊन निघालं की "आता तरी माणसासारखी चालवा." वय त्रेसष्ट, अंगानं काटक, नखांत कायमचं काळं ग्रीस, आणि चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्याची बायको उजव्या कानानं बहिरी होती आणि जेवताना न चुकता त्याच्या डाव्या हाताला बसायची. संसार टिकला तो एवढ्यामुळेच, असं त्याची बहीण म्हणायची.

ही बहीण म्हणजे मधली. तीन भावंडांत करवत थोरला, ती मधली, आणि शेवटचा तो धाकटा; पंचावन्नचा झाला तरी धाकटाच. तिघांचं मिळून एक गॅरेज होतं, वडिलांनी उभं केलेलं. वर उंच पत्रे, मधोमध एक लोखंडी खांब, आणि दारापासून मागच्या भिंतीपर्यंत जमिनीवर ओढलेला पिवळा पट्टा. पट्ट्याच्या अलीकडे करवत, पलीकडे धाकटा. गाडी वर उचलायची लिफ्ट अलीकडे, बुश दाबून बसवायचं प्रेस पलीकडे. मधलीची काचेची केबिन मागच्या भिंतीला होती आणि पट्टा तिच्या टेबलाखालून गेला होता. खुर्चीत बसली की तिचा एक पाय एका भावाच्या हद्दीत आणि दुसरा दुसऱ्याच्या. अकरा वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. जे काही असेल ते तिच्यामार्फत.

"त्याला सांग, पंख्याचं तोंड माझ्याकडं करू नकोस म्हणावं," करवत म्हणायचा. धाकटा आठ फुटांवर उभा असायचा.

"ऐकलं मी. त्याला सांग, पंख्यालाही त्याचं तोंड बघायची हौस नाही."

"तुम्ही दोघं माझं डोकं फोडा एकदाचं," असं म्हणून मधली उठायची आणि पंखाच बंद करायची. मग तिघंही घामानं निथळत काम करायचे. पण मागे हटायचं कोणी नाव काढत नसे.

या वैराचं मूळ खांबावरच्या खिळ्याला लटकत होतं. एक फाटका बुश. गाडीचं चाक ज्या लोखंडी आर्मच्या आधारानं वरखाली होतं, त्या आर्मच्या सांध्यात हे बुश असतात. बाहेर एक लोखंडी नळी, आत दुसरी, आणि दोन्हींना घट्ट चिकटलेलं मधलं रबर. चाक हललं की रबर थोडं पिळतं आणि पुन्हा सरळ होतं. अट एकच. बोल्ट शेवटचा आवळताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी पाहिजे. लिफ्टवर गाडी टांगलेली असताना चाकं खाली लोंबतात. तेव्हाच बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर पिळलं जातं आणि पिळलेलंच राहतं, गाडी नुसती उभी असली तरीसुद्धा. मग काही महिन्यांत फाटतं. वडिलांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आधी पायावर उभी करा, आत माणूस बसवा, मग आवळा." त्यांच्या हयातीत एक भाऊ वजन म्हणून गाडीत बसायचा आणि दुसरा खाली शिरून आवळायचा.

अकरा वर्षांपूर्वी धाकट्यानं घाईत एका गाडीचे बुश हवेतच आवळले. गाडी चार महिन्यांत खडखडत परत आली. करवतनं तो फाटका बुश चार गिऱ्हाइकांदेखत धाकट्याच्या नाकापुढे नाचवला. "हवेत आवळणारा हात या छपराखाली पाना धरणार नाही! उद्या माझ्याकडून झालं तर मीसुद्धा पाना ठेवून घरी जाईन!" असं गरजला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः रंगाचा डबा आणून पट्टा ओढला आणि बुश खांबावर टांगला, धाकट्याच्या बाजूला तोंड करून. अर्धं छप्पर धाकट्याचं असल्यामुळे त्याला हाकलता येईना, पण चाकाखालचं सगळं काम त्याच्या हातून काढून घेतलं. तेव्हापासून धाकटा इंजिन बघायचा, ब्रेक बघायचा, आणि थोरल्यानं पट्ट्यावर आणून ठेवलेल्या आर्ममध्ये प्रेसवर बुश दाबून पुन्हा पट्ट्यावर ठेवायचा. ज्या कामात तो लहानपणापासून तरबेज होता, ते त्याला अकरा वर्षं लांबून बघावं लागलं. गाडीत बसायला माणूस उरला नाही, म्हणून करवत सीटवर वाळूची पोती ठेवायचा.

आणि मग दाताची डॉक्टरीण आली.

तिची गाडी म्हणजे पस्तीस वर्षांची, दोन सीटची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. एके काळी लालभडक, आता विटलेली, आणि इतकी बुटकी की तिच्याखाली मांजरानंसुद्धा विचार करून शिरावं. पाच महिन्यांपूर्वी करवतनं तिचे पुढचे आठही बुश बदलले होते. डॉक्टरीण ती गाडी स्वतः चालवायची, स्वतः धुवायची, आणि जिभेच्या बाबतीत करवतला तोडीस तोड होती.

"मी बसवलेली कवळी दहा वर्षं हलत नाही," गाडीतून उतरता उतरता ती म्हणाली. "तुमचे बुश पाच महिन्यांत हलायला लागले. वळणावर गाडी मी नेते तिकडे जात नाही, तिला वाटतं तिकडे जाते. परवा समोरून ट्रक आला तेव्हा मला माझी मुलं आठवली."

करवतनं गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. स्टिअरिंग थरथरत होतं, गतिरोधकावर पुढून खट् आवाज येत होता. टायर आतल्या कडेला झिजलं होतं. बुश गेले होते, यात शंकाच नव्हती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचं काम परत येत नसे. चाळीस वर्षांत आलं नव्हतं. तेव्हा चूक दुसऱ्याची असणार, आणि दुसरा कुठे फार लांब नव्हता.

"बुश दाबायचं काम आमच्याकडं पलीकडे होतं," हनुवटीनं पट्ट्याकडे दाखवत तो म्हणाला. "वाकडं दाबलं की रबर टिकत नाही. मी आवळून आवळणार किती?"

डॉक्टरीण पट्टा ओलांडून तडक धाकट्यासमोर उभी राहिली. निष्काळजीपणा, जीवाशी खेळ, लाज, सगळं त्याच्या पदरात घातलं. धाकटा फडक्यानं हात पुसत राहिला. तिचं संपल्यावर तो केबिनकडे वळला.

"त्याला सांग, प्रेसची चूक असली तर बाहेरच्या नळीचा काठ वाकडा बसतो. उद्या अकराला या बाईंसमोर आर्म खोलून टेबलावर ठेव म्हणावं. माझी चूक निघाली, तर माझी अर्धी बाजू त्याच्या नावावर करून जातो. आणि त्याची निघाली, तर तो काय बोलला होता ते त्याला आठवतंय का विचार."

"आठवतंय म्हणावं!" करवत ओरडला. पत्र्यावरची कबुतरं उडाली.

मधली दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग फोन उचलून तिनं आठ नव्या बुशांची मागणी नोंदवली. त्या छपराखाली तेवढं एकच शहाणपणाचं काम त्या दिवशी झालं.

दुसऱ्या दिवशी करवत आठलाच आला. शीळ घालत गाडी लिफ्टवर घेतली, चाकं काढली, बोल्ट सोडले आणि चारही आर्म टेबलावर मांडले. अकरा वर्षांनी का होईना, पट्ट्याची गरज संपणार होती. पलीकडची बाजू मिळाली की तिथे काय काय ठेवायचं, हेसुद्धा त्यानं ठरवून टाकलं. मग चष्मा डोळ्यांवर चढवून त्यानं पहिल्या बुशाचा काठ पाहिला.

काठ चहूबाजूंनी सारखा. त्यानं कॅलिपर लावून मोजलं. केसाचाही फरक नाही. दुसरा तसाच, तिसरा तसाच, आठवाही तसाच. कुठे ओरखडा नाही, कुठे चेपलेलं नाही. बुश इतके सरळ दाबले होते की करवतला स्वतःला तसं जमलं असतं की नाही, याची शंका आली आणि ती शंका आल्याचा संताप आला. मग त्यानं रबर पाहिलं. आठही ठिकाणी तिरकी चीर, आठही एकाच प्रकारची. रबर थकून गेलेलं नव्हतं, पीळ पडून फाटलं होतं. त्याला खांबाकडे जाऊन ताडून बघायची गरज नव्हती. ती चीर त्याला पाठ होती. अकरा वर्षं त्यानं ती रोज सकाळी दुसऱ्याला दाखवली होती.

मग त्याला तो दिवस आठवला. आठवला म्हणजे काय, सोयीचा नव्हता म्हणून बाजूला सारलेला होता, तो समोर येऊन उभा राहिला. ही गाडी इतकी बुटकी की चाकांवर उभी केली तर खाली शिरताच येत नाही. त्यासाठी चारही चाकांखाली वडिलांच्या वेळचे जाड लाकडी ठोकळे घालावे लागतात. त्या दिवशी ते ठोकळे पट्ट्याच्या पलीकडे होते. फार नाही, दोन हात पलीकडे.

"त्याला सांग, ठोकळे दे," करवत तेव्हा म्हणाला होता.

"त्याला सांग, 'दे' नाही. 'देतोस का' असं विचारायचं असतं," पलीकडून उत्तर आलं होतं.

"खड्ड्यात घाल म्हणावं ठोकळे!" म्हणत करवतनं पाना उचलला होता आणि लिफ्टवर टांगलेल्या गाडीचे आठच्या आठ बोल्ट एका दमात आवळून टाकले होते. पाना फिरवताना प्रत्येक वेळी भावाला एक शिवी. रबर घेईल जुळवून, असं मनाशी म्हणाला होता. वडिलांचं वाक्य, स्वतःची प्रतिज्ञा, चाळीस वर्षांचा अनुभव, सगळं त्या दोन हातांच्या अंतरात पडलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ त्यानं खिळ्याला टांगून ठेवलं होतं. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ आता टेबलावर मांडलेलं होतं.

साडेनऊ झाले होते. त्यानं छिन्नी घेतली, हातोडी घेतली. नळीच्या काठावर दोन घाव पुरे होते. काठ चेपला असता, दाबताना वाकडा गेला असं दिसलं असतं, डॉक्टरिणीला काय कळणार होतं? धाकट्यानं कितीही बोंब मारली तरी चोराच्या उलट्या बोंबा ठरल्या असत्या. त्यानं छिन्नी काठाला टेकवली. हातोडी उचलली.

आणि हात खाली येईना. भावाची दया आली म्हणून नव्हे. भावाचा त्याला त्या क्षणी नेहमीपेक्षा जास्त तिरस्कार वाटत होता. पण ते काम सरळ होतं. इतकं सरळ दाबलेलं काम आपल्या हातानं बिघडवायचं, हे त्याच्या हाताला मंजूर होईना. त्यानं दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा हातोडी हवेतच राहिली.

"काय चाललंय?" केबिनच्या दारातून मधलीनं विचारलं.

"काही नाही. तुझं काम कर."

त्यानं छिन्नी खणात टाकली आणि खण गुडघ्यानं ढकलून बंद केला. मग अकरा वाजेपर्यंत तो टेबलासमोर नुसता उभा राहिला. मधलीनं समोर ठेवलेला चहा तसाच गार झाला. पलीकडे धाकटा एक इंजिन पुसत होता, आणि शीळ आता तो घालत होता.

डॉक्टरीण ठरल्या वेळेला आली. मधली बाहेर आली. धाकटा पट्ट्यापर्यंत येऊन थांबला, बूट बरोब्बर रेषेला लावून.

"हं, दाखवा," डॉक्टरीण म्हणाली. "कोणाची चूक?"

आयुष्यात पहिल्यांदाच करवतला शब्द शोधावे लागत होते. रबरच खराब आलं होतं, हे वाक्य जिभेच्या टोकावर तयार होतं. त्यात कोणाचंच काही गेलं नसतं. पण त्यानं समोर पाहिलं तर खांब दिसला.

"प्रेसचं काम सरळ आहे," तो म्हणाला. "माझी चूक. मी हवेत आवळले. आठही."

मधलीनं तोंडावर हात ठेवला. करवतनं खिशातला पाना काढला, पट्ट्याजवळ गेला आणि रेषेवर ठेवला. कमरेचं फडकं सोडून त्याच्याशेजारी ठेवलं.

"अखेर निघालं तोंडातून," धाकटा म्हणाला. अकरा वर्षांनी तो पहिल्यांदाच थेट भावाकडे बघून बोलत होता आणि त्याच्या आवाजात अकरा वर्षांचं विष होतं. "त्या दिवशी ठोकळे माझ्याकडंच होते. संध्याकाळपर्यंत जागचे हलले नव्हते, आणि गाडी तयार होऊन गेलीसुद्धा. तेव्हाच मला कळलं. पाच महिने वाट बघतोय मी या गाडीची. रोज!"

हे बोलताना तो अक्षरशः फुलला होता. आपण काय बोलून बसलो हे त्याला कळायच्या आत डॉक्टरिणीला कळलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" ती हळू आवाजात म्हणाली. "यांनी चूक केली ती कबूल तरी केली. तुम्हाला पाच महिने माहीत होतं. आणि मला त्या गाडीत फिरू दिलंत? माझी मुलगी शेजारी बसायची."

धाकट्यानं बूट रेषेवरून मागे घेतले.

खांबावरच्या बुशाची गोष्ट सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होती. "तिथे दुसरा खिळा यांच्यासाठी ठोका, आणि तिसरा," डॉक्टरीण म्हणाली, "माहीत असून गप्प बसणाऱ्यासाठी. त्याला काय टांगायचं ते तुम्हीच ठरवा. पाच वाजता मी गाडी न्यायला येईन. ती नीट झालेली असेल, किंवा या गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन मी सांगेन की इथे दोन भाऊ राहतात आणि दोघेही सारखेच आहेत." आणि ती निघून गेली.

सारखेच, हा शब्द दोघांनाही झोंबला. चूक, निष्काळजीपणा, काहीही चाललं असतं. सारखेच, हे नको होतं.

"झालं समाधान?" मधली कडाडली. "बाबांचे ठोकळे दोन हातांवर, आणि त्यापायी एखादी बाई पोरीसकट ट्रकखाली गेली असती! मी अकरा वर्षं तुमचे निरोप पोचवले. आजपासून माझं तोंड बंद. तुम्हाला तोंडं आहेत ना? वापरा!" केबिनचं दार तिनं इतक्या जोरात आपटलं की काच थरथरली.

मग धाकट्यानं पट्टा ओलांडला, टेबलावरचे चारही आर्म उचलले आणि प्रेसकडे नेले. एकेक जुना बुश दाबून बाहेर काढला, आठ वेळा पत्र्याच्या थाळीत टण् असा आवाज झाला, आणि नवे आठ त्यानं तितकेच सरळ आत दाबले. करवत बघत राहिला. मग थाळीतला एक फाटका बुश उचलून तो खांबाशी गेला, एक खिळा ठोकला आणि तो टांगला, स्वतःच्या बाजूला तोंड करून. शर्टाची बटणं लावली आणि दाराकडे निघाला.

"कुठं चाललास?" धाकट्यानं विचारलं.

"घरी. बोललो होतो ना. हात चुकला, पाना ठेवला. काम तू कर."

सुंभ जळालं तरी पीळ जळत नव्हता. धाकटा दात ओठ खात उभा राहिला. त्याला हेच हवं होतं, अकरा वर्षं हेच हवं होतं, आणि आता मिळालं तर त्याला दुसऱ्याच गोष्टीची चीड आली.

"प्रतिज्ञा पाना न धरायची होती," तो म्हणाला. "बूड न टेकायची नव्हती. वजन कोण देणार? वाळूची पोती? चल, बस गाडीत."

करवत दारात थांबला.

धाकट्यानं आर्म चढवले, बोल्ट हातानं सैल लावले, चाकं बसवली. मग पलीकडून ठोकळे आणून चारही चाकांखाली घातले आणि लिफ्ट खाली घेतली. गाडी ठोकळ्यांवर उभी राहिली. बॉनेट धरून त्यानं ती दोनदा दाबून झुलवली, बसू दिली. करवत आला, दार उघडलं, गुडघे छातीशी घेऊन त्या बुटक्या सीटमध्ये शिरला आणि स्टिअरिंगमागे बसला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून मांडीवर ठेवले.

धाकट्यानं रेषेवरचा पाना उचलला आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकला.

"हलू नकोस," खालून आवाज आला.

"हलत नाहीये."

"श्वास जपून घे. अर्धी गाडी हलतेय."

"तू आवळ मुकाट्यानं."

पहिला बोल्ट आवळला गेला. करवतला ते सीटमधून, मणक्यातून जाणवलं. एक ओढ, मग दुसरी, आणि नेमक्या जागी थांबलेला हात. ना कमी, ना जास्त. दुसरा. तिसरा. त्याला प्रत्येक बोल्टमध्ये काहीतरी चुकायला हवं होतं, आणि एकातही काही चुकत नव्हतं. अकरा वर्षं हा हात त्यानं इंजिन पुसायला लावला होता. लाजेनं त्याचे कान तापले. ती लाज गिळायला त्याला जड गेली.

"आठवा," खालून धाकटा म्हणाला आणि थांबला. पाना हलेना.

"काय झालं? आवळ की."

"विचार आधी."

करवतनं समोरच्या काचेतून खांबाकडे पाहिलं. दोन खिळे, दोन बुश, दोन्हीकडे एकेक तोंड. तिसरा खिळा अजून कोणी ठोकला नव्हता. केबिनच्या काचेआडून मधली टक लावून बघत होती, आणि निरोप न्यायला ती उठणार नव्हती.

"आवळतोस का?" तो म्हणाला.

आठवा बोल्ट आवळला गेला.